साधं लिहिलं तर पत्राचं वजन जातं का?

प्रश्न : ताई, मी एका कंपनीत ग्राहकांना पत्रं लिहायचं काम करते. परवा मी लिहिलं, ‘तुमचं मशीन दुरुस्त करायला आमचा माणूस येईल.’ साहेबांनी ते खोडून लिहिलं, ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर यंत्राच्या दुरुस्तीबाबत योग्य ती कार्यवाही लवकरात लवकर करण्यात येईल.’ माझं वाक्य शाळकरी वाटतं म्हणाले. कुणाचं बरोबर?

उत्तर : साहेबांचं वाक्य मी ग्राहक होऊन वाचलं. मशीन बंद आहे, काम खोळंबलंय आणि हातात हे पत्र. कोण येणार? कळत नाही. कधी? ‘लवकरात लवकर’. ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणजे दुरुस्ती, की मशीन बदलून मिळणार? ग्राहक लगेच फोन करणार आणि तो तुम्हालाच घ्यावा लागणार. अशी पत्रं मीही पंधरा वर्षं लिहिली. माझ्या हातून ‘करण्यात येईल’ उतरायचं ते बहुतेक वेळा, काम कोण करणार हेच ठरलेलं नसायचं तेव्हा.

म्हणून तुमचंही वाक्य पुन्हा वाचा. शब्द साधे आहेत, पण दिवस त्यातही नाही. आधी सर्व्हिस विभागाला विचारा, मग लिहा : ‘तुमचे मशीन दुरुस्त करायला आमचे तंत्रज्ञ मंगळवारी, १४ तारखेला सकाळी ११ वाजता येतील. तोपर्यंत मशीन सुरू करू नका.’ यात शाळकरी काहीच नाही. ‘आमचा माणूस’ मात्र बदलाच, तिथे साहेबांचं बरोबर आहे.

‘उपरोक्त विषयास अनुसरून’ काढून टाका, विषय वर लिहिलेलाच असतो. ‘सदर’चंही तेच. पण व्यवहारातला नेमका शब्द मोडू नका. ग्राहक रोज ‘क्रेडिट नोट’ म्हणत असेल, तर तिला प्रतिशब्द शोधत बसू नका.

साहेबांना दाखवायला एक आधार देते. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये साध्या भाषेसाठी मानक काढलं, क्रमांक २४४९५-१. त्यात सगळी कसोटी वाचणाऱ्यावर आहे : त्याला हवं ते सापडलं का, समजलं का, वापरता आलं का.

पुढच्या वेळी दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून साहेबांकडे न्या आणि प्रत्येकाशेजारी, ते वाचून ग्राहक फोनवर काय विचारेल, ते समासात लिहा.