उसाच्या रानात सबसॉयलर लावण्याआधी

भाऊ, सबसॉयलर (खालची घट्ट माती फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार) भाड्याने आणण्याआधी जमिनीखालचा घट्ट थर कुठे आहे ते शोधा. वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, 10 मिमी जाडीची, टोक केलेली सळई एकसारख्या जोराने दाबा. जिथे अडते तिथे बोटाने खूण करून खोली मोजा. बांधाजवळच्या न तुडवलेल्या जागीही दाबून पाहा, फरक लगेच कळतो. मग दीड फूट खड्डा खणा. मुळ्या एका पातळीवर आडव्या वळल्या असतील, ढेकूळ पाटीसारखे चपटे फुटत असेल, तर तोच तो थर. नांगर, रोटाव्हेटर दरवर्षी एकाच खोलीवर चालवले की तो बनतो. ओल्या रानात भरलेली ट्रॉली घातली की माती त्याहून खोल दाबली जाते.

सबसॉयलरचा फाळ थराखाली 5 सेंमी जाईल इतकाच लावा, उगाच खोल नको. काम एप्रिल-मेमध्ये, रान कोरडं असताना. ओल्या काळ्या मातीत फाळ सुरीसारखा चिरत जातो, भेगा पडत नाहीत, डिझेल मात्र जातं. सुरुवातीला फाळाच्या दोन ओळींत 1 मीटर अंतर ठेवा, मधली जमीन उचलली गेली का ते खणून बघा. नसेल तर अंतर कमी करा.

पावसावर लगेच धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरा, एकरी 20 किलो बी; फुलाआधी मातीत गाडा. आणि पुढच्या तोडणीला ट्रॉली ठरावीक वाटेनेच फिरवा.