तेलाचा लाल दिवा मिणमिणतोय

प्रश्न : राजवाड्याच्या ट्रॅफिकमधे गाडी उभी राहिली की डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचा लाल दिवा मिणमिणतो, रेस दिली की विझतो. मेकॅनिक म्हणतो चालू द्या. काय करू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : अहो, अजिबात चालवू नका! हा दिवा इंजिन ऑइलचं, म्हणजे इंजिनातल्या तेलाचं प्रेशर दाखवतो, आणि गाडी चालू ठेवून उभी असताना तेलाचा पंप हळू फिरतो म्हणून प्रेशर आधी तिथेच पडतं. सपाट जागी इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक (तेलाची लेव्हल बघायची पट्टी) काढून पुसून परत घाला न मग बघा, तेल खालच्या खुणेखाली असेल तर टॉपअप करा. लेव्हल बरोबर असूनही दिवा लागतोय तर सेन्सर खराब असेल, नाहीतर पंप किंवा बेअरिंग झिजलेलं, म्हणून गाडी टो करूनच न्या आणि गेज लावून प्रेशर मोजायलाच सांगा, नुसता सेन्सर बदलून घेऊ नका.