पीएमपीच्या तुटीतले ४० टक्के पिंपरी-चिंचवडने का भरायचे?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. पीएमपीच्या, म्हणजे दोन्ही शहरांच्या एकत्र बससेवेच्या, तोट्याचा ४० टक्के भार आपल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेवर का, त्यापेक्षा आपल्या शहराची जुनी वेगळी बससेवा पीसीएमटी परत का काढू नये, आणि ताथवड्याहून मेट्रोपर्यंत फीडर बस, म्हणजे स्थानकापर्यंत नेणारी जोडबस, हवी असेल तर कुणाला भेटायचे. तिसऱ्याचे उत्तर शेवटी थोडक्यात देतो. दुसऱ्याबद्दल मात्र सविस्तर लिहिणार आहे. ‘आपण पुण्याला पोसतो’ हे वाक्य भोसरीपासून किवळ्यापर्यंत सर्रास फेकले जाते आणि ते फेकणारा एकही माणूस हिशेब मांडत नाही.

२००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि आपली पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल, म्हणजेच पीएमपी, ही कंपनी झाली. तिकिटे, पास, जाहिराती, जागांची भाडी यांतून जे येते त्यातून पगार, सीएनजी, वीज, दुरुस्ती आणि ठेकेदारांची बिले वजा केली की उरते ती संचलन तूट. तिचे ६० टक्के पुणे महापालिका देते, ४० टक्के पिंपरी-चिंचवड. वर्षभर दरमहा उचल दिली जाते आणि लेखापरीक्षण झाल्यावर अंतिम आकड्याशी तिचा मेळ घातला जातो. म्हणून मागच्या वर्षाची तूट या वर्षीच्या अंदाजपत्रकातही दिसते. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून ‘एवढी वाढ कशी’ असे विचारणाऱ्यांची इथेच गफलत होते.

दुसरी गफलत म्हणजे सगळ्या रकमा एकत्र धरणे. विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग यांच्या सवलतीच्या पासांचे पैसे महापालिका वेगळे देते. तो पुण्याचा तोटा नव्हे, आपल्याच माणसांचे तिकीट आहे. नव्या बस घ्यायचा वाटा भांडवली खर्चात जातो. वेतन आयोगाचा फरक आणखी वेगळा. ‘पीएमपीला अमुक कोटी’ असा मथळा दिसला की आधी लेखाशीर्ष, म्हणजे पैसे कोणत्या खर्चाच्या खात्यातले आहेत ते, बघा, मग रागवा.

तूट फुगते कशी हेही समजून घ्या. भाडे वाढवायचे तर संचालक मंडळाचा ठराव पुरत नाही, प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते. २०१४ नंतर थेट जून २०२५ मध्ये भाडे वाढले. आता पहिल्या ५ किलोमीटरला १० रुपये, दोन्ही शहरांच्या हद्दीचा दैनिक पास ७० रुपये. मधल्या दहा वर्षांत पगार वाढले, सीएनजी महागला, तिकीट तेवढेच राहिले. तो फरक करदात्याने भरला. शिवाय ठेक्याच्या बसला प्रवासी मोजून नव्हे, किलोमीटर मोजून पैसे मिळतात आणि करारात किमान किलोमीटरची हमी असते. बस रिकामी धावली तरी बिल होतेच. गर्दीच्या वेळची कोंडी तर दुहेरी मारते. फेऱ्या कमी होतात म्हणून उत्पन्न घटते, आणि चालक-वाहकाचा पगार तेवढाच राहतो.

आता तुमच्याच फीडरचा हिशेब करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, खरे आकडे डेपोतून घ्या. समजा ताथवडे ते पिंपरीचे पीसीएमसी मेट्रो स्थानक हा मार्ग ९ किलोमीटरचा आहे. एका बाजूला ४० मिनिटे आणि दोन्ही टोकांना ५-५ मिनिटे थांबा, म्हणजे पूर्ण फेरीला ९० मिनिटे. दर १५ मिनिटांनी बस हवी असेल तर ६ बस लागतील, अर्ध्या तासाला चालत असेल तर ३. सहाच्या खाली १५ मिनिटांचे आश्वासन कुणी दिले तर ते कागदावरच राहणार. एका बसच्या दिवसात १० फेऱ्या, म्हणजे १८० किलोमीटर. डेपोतून येणे-जाणे, म्हणजे डेड किलोमीटर, आणखी २० धरा. त्यात उत्पन्न शून्य. खर्च किलोमीटरला १०० रुपये, उत्पन्न ५० रुपये. एकूण खर्च २०,०००, उत्पन्न ९,०००. रोजची तूट बसमागे ११,००० रुपये, सहा बसची ६६,०००, वर्षाची सुमारे २ कोटी ४१ लाख.

या २ कोटी ४१ लाखांतले पिंपरी-चिंचवड देणार सुमारे ९६ लाख. उरलेले १ कोटी ४५ लाख पुणे महापालिका देणार, आणि ही बस पुण्याच्या हद्दीत पाऊलही टाकत नाही. हेच उलट्या बाजूने खरे आहे. कात्रजहून हडपसरला जाणाऱ्या बसच्या तुटीतही आपले ४० टक्के आहेत. म्हणजे ४० टक्के ही आपल्या हद्दीतल्या बसची किंमत नाही, एकत्र तुटीतला वाटा आहे. तो महाग पडतो की स्वस्त, हे एकाच गोष्टीवर ठरते. एकूण तुटीतली किती तूट आपल्या हद्दीतल्या मार्गांवर होते? ती ४० टक्क्यांहून कमी असेल तर आपण जास्त भरतोय. जास्त असेल तर पुणे आपल्याला सांभाळतेय.

इथे किलोमीटर मोजून चालत नाही, तूट मोजावी लागते. लांबच्या, विरळ वस्तीच्या, उशिरा भरणाऱ्या मार्गांचे उत्पन्न कमी असते आणि तसे मार्ग चिखली, मोशी, चऱ्होली, ताथवडे या बाजूला भरपूर आहेत. निगडीहून पुण्याला जाणारी भरलेली बस कुणाच्या खात्यावर धरायची? ती दोन्ही हद्दींतून धावते. तिचे उत्पन्न हद्दीप्रमाणे वाटायचे तर तिकिटांची टप्पानिहाय नोंद काढावी लागेल. पीसीएमटी परत मागणाऱ्यांनी हे काम कधीही केलेले नाही.

वेगळी पीसीएमटी काढली तर त्या सहा बसची २ कोटी ४१ लाखांची तूट पूर्ण आपली. वेगळे मुख्यालय, वेगळी कार्यशाळा, सुट्या भागांचा वेगळा साठा, वेगळे तिकीट यंत्र. नोकरीसाठी रोज हद्द ओलांडणाऱ्या माणसाला दापोडीला दोन कंपन्यांचे दोन पास. पुण्याची कंपनी आपल्या हद्दीत बस का घालेल आणि आपली त्यांच्या हद्दीत कोणत्या अटीवर जाईल, याचा करार वेगळाच. पीसीएमटी हवी म्हणणे हा नुसता अभिमान आहे आणि अभिमानावर बस चालत नाही.

‘पण आपली महापालिका श्रीमंत आहे’ हे पुढचे वाक्य. श्रीमंती जकातीची होती. कारखान्यांचा माल आला की पैसा येत होता, कारखाने वाढले की महापालिका वाढत होती. एप्रिल २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, ऑगस्ट २०१५ पासून तो ५० कोटींच्या खालच्या उलाढालीला उरला नाही आणि जुलै २०१७ पासून जीएसटी. आता राज्य सरकार दरमहा भरपाई देते, २०१६-१७ च्या पायावर दर वर्षी ८ टक्के वाढवून. शहर त्याहून वेगाने वाढले तरी भरपाई तेवढीच. स्वतःच्या हातात उरले ते मिळकत कर, बांधकाम परवानगी शुल्क आणि पाणीपट्टी. त्यातही पाण्याचा खर्च बघा. पवनेचे पाणी पुरत नाही म्हणून नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पुरवठा आहे, आणि आंद्रा धरणाचे १०० व भामा आसखेड धरणाचे १६७ एमएलडी (रोज दशलक्ष लिटर) पाणी आणायला पैसा तिकडे ओतावा लागतो. अशा वेळी आख्खी बससेवा एकट्याने अंगावर घेणे हा शहाणपणा नाही.

खरा भांडण्याचा मुद्दा तिसऱ्या वाटेकऱ्याचा आहे. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे महापालिकेत नाहीत, पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, क्षेत्रात आहेत. आयटी पार्कला जाणाऱ्या बसची तूट मात्र वर्षानुवर्षे ६०:४० मध्येच येऊन पडत होती. बांधकामाचे विकास शुल्क पीएमआरडीएला, मिळकत कर ग्रामपंचायतीला आणि बसचा तोटा मुख्यतः दोन महापालिकांना. ज्यांना ४० टक्क्यांचा राग आहे त्यांनी तो पुण्यावर काढण्याऐवजी हद्दीबाहेरच्या प्रत्येक मार्गाची तूट वेगळी मांडून पीएमआरडीएकडे ठराविक वाटा मागावा. याला पुणे महापालिकाही विरोध करणार नाही, कारण त्यात तिचे ६० टक्के वाचतात.

आता फीडरचे. अर्ज महापालिकेत टाकून थांबू नका. आधी निगडी किंवा पिंपरी डेपोच्या आगार व्यवस्थापकाला द्या आणि त्याची प्रत स्वारगेटच्या मुख्यालयात वाहतूक व्यवस्थापकाला. अर्जात नुसते ‘बस सुरू करावी’ लिहिले तर तो फाइलमध्ये झोपतो. मार्गाचा नकाशा, अरुंद जागी रस्त्याची रुंदी, बस वळवायला कुठे जागा आहे आणि ती कुणाच्या मालकीची, लोंबणाऱ्या वायरी, सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ९ मध्ये किती लोक चढतील याची सोसायटीनिहाय यादी, एवढे जोडा. १२ मीटरची बस वळत नसेल तर ९ मीटरची मागा. वळायला जागा नसणे हे नकाराचे सगळ्यात नेहमीचे कारण आहे. ती जागा महापालिकेची असेल तर क्षेत्रीय कार्यालयातून तसे पत्र आधीच घ्या.

मार्ग सुरू झाल्यावर माहिती अधिकारात पीएमपीला विचारा. १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. तीन महिन्यांचे नियोजित किलोमीटर, प्रत्यक्ष किलोमीटर, रद्द फेऱ्या कारणांसह आणि मार्गाचे उत्पन्न मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. फेऱ्या ब्रेकडाऊनने रद्द होतात की चालक नसल्याने, हे त्यातून कळते, आणि दोन्हींसाठी भांडण्याचे टेबल वेगळे आहे. चालक नसेल तर आणखी बस मागून काही होत नाही.

एक मान्य करायला हवे. ६०:४० हे प्रमाण २००७ च्या शहरांवर ठरलेले आहे आणि तेव्हापासून पिंपरी-चिंचवड खूप बदलले. मार्गनिहाय तुटीचे पत्रक दोन्ही महापालिकांनी दर वर्षी प्रसिद्ध करावे आणि प्रमाण त्यावरून पुन्हा ठरवावे, याला माझा पाठिंबा आहे. त्यात आपला वाटा ४० वरून ४५ झाला तरी तो भरायची तयारी ठेवूनच मागणी करा.