कॉमर्सवालीला मेडिकल ऑफिसचा कोर्स झेपेल का?

जळगावची बी.कॉम., दहावीनंतर बायॉलॉजीचं पुस्तक उघडलेलं नाही, लग्नानंतर अमेरिकेत मेडिकल ॲडमिनिस्ट्रेटिव्ह असिस्टंटचा, म्हणजे दवाखान्यातल्या फोन, नोंदी, बिलांच्या कामाचा कोर्स झेपेल का, असं विचारलंस. झेपेल, माय. मीही अमळनेरहून कॉमर्स करूनच आले. बहुतेक ठिकाणी बारावीइतकं शिक्षण पुरतं. व्हिसा मात्र आधी बघ. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्या नवऱ्याच्या आधाराने मिळणाऱ्या व्हिसावर, नोकरीची परवानगी आपोआप मिळत नाही.

तुला भीती बायॉलॉजीची आहे, पण इथे कस लागतो तो कानाचा. पेशंट फोनवर भरभर बोलतो, तेव्हाच टाइप करायचं. ‘हायपर’ म्हणजे जास्त, ‘हायपो’ म्हणजे कमी. ऐकण्यात चुकलं की नोंद उलटी. आपण व्ही आणि डब्ल्यू सारखेच उच्चारतो, त्यामुळे माझी नावं चुकायची. मग प्रत्येक नाव अक्षर-अक्षर परत वाचून दाखवायला लागले. आजही दाखवते.

मेडिकल शब्द पाठ करू नकोस, फोड. शाळेत संस्कृतचे उपसर्ग-प्रत्यय शिकलीस ना, तसंच. ‘नेफ्र’ म्हणजे मूत्रपिंड, ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘एक्टमी’ म्हणजे काढून टाकणं. मग नेफ्रायटिस, नेफ्रेक्टमी, अपेंडेक्टमी आपोआप उलगडतात.

गणित आठवीचंच. बिल २०० डॉलर, डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी पेशंटने भरायची रक्कम) भरून झालेलं, को-इन्शुरन्स (त्यानंतर बिलातला पेशंटचा वाटा) २० टक्के, तर पेशंटकडून ४० घ्यायचे. इथे तुझं कॉमर्स कामी येईल. तारखेत मात्र महिना आधी असतो. सुरुवातीला मी ०५/०६ म्हणजे ५ जून वाचलं आणि एका आजोबांची ६ मेची अपॉइंटमेंट हुकली. त्यांना फोन करताना मला रडू आवरेना.

आपल्याकडे दवाखान्यात कोण ॲडमिट आहे हे गल्लीभर कळतं, त्यातूनच घराघरातून डबे येतात. ते प्रेम खरं आहे, पण इथे १९९६ चा हिपा कायदा आहे, पेशंटची माहिती खाजगी ठेवण्याचा. पेशंटची माहिती ओळखीच्या माणसालाही सांगायची नाही. हे वळण अंगी लागायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

निघण्याआधी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची इंग्रजी ४० ची (मिनिटाला ४० शब्दांची) टायपिंग परीक्षा देऊन टाक. सर्टिफिकेटचं राहू दे, सवयीची बोटं सोबत येतात. आणि उमविचं, म्हणजे आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) स्वतः जाऊन घे. माझं राहिलं, तर भावाला अमळनेरहून कितीतरी चकरा पडल्या.