बस अडकली, ग्रुप पेटला, आता पालकांना काय सांगू?

प्रश्न : सर नमस्कार, मी कोपरखैरणेतल्या एका खाजगी माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका, दीडच वर्ष झालंय. गेल्या जुलैत पाऊस वाढला म्हणून शाळा लवकर सोडली आणि एक बस ठाणे-बेलापूर रोडवर अडकली, ड्रायव्हरचा फोन लागेना. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी टाकलं की बस पाण्यात गेली, मग गेटवर गर्दी, रडारड, क्लार्क एक सांगतोय आणि संस्थेचे सेक्रेटरी फोनवर दुसरंच. मुलं सुखरूप पोचली पण पालकांचा विश्वास गेला तो गेलाच. यंदा काय करू?

उत्तर : ताई, बस अडकण्यात तुमचा दोष नाही, पण मुलांना घाईत सोडलं ते मला चुकीचं वाटतं, स्पष्टच सांगतो. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, पाणी आधी धारण तलावात, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या तलावात, जातं आणि मग खाडीत, भरती असली की ते बाहेर जातच नाही आणि वर धो धो पाऊस असला की रस्ते तुंबतात. म्हणून हवामान खात्याचा इशारा आणि भरतीची वेळ दोन्ही बघूनच घंटा द्यायची. 26 जुलै 2005 ला, सांताक्रूझला 944 मिमी पडला त्या दिवशी, मी ठाण्यात शिकवत होतो. आम्ही ज्यांना थांबवलं ती मुलं रात्री वर्गात खिचडी खाऊन झोपली, पण दुपारी सोडलेल्या मुलांना शोधत एक वडील दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फिरत होते, त्यांचा चेहरा अजून डोळ्यासमोर येतो.

आणि बस अडकली होती तेवढ्या वेळात पालकांना तुमच्याकडून काहीच मेसेज गेला नाही ना? ग्रुपवरची अफवा त्याच रिकाम्या जागेत शिरली. पहिल्या 10 मिनिटांत तुमच्या नावाने मेसेज जायला हवा, ‘बस क्रमांक अमुक, इतकी मुलं, शेवटचा संपर्क इतक्या वाजता, ड्रायव्हरचा फोन लागत नाही, प्रयत्न चालू आहेत, पुढची माहिती 20 मिनिटांनी’, आणि 20 मिनिटांनी काही कळलं नसेल तरी तसंच लिहा, लोक थांबतात हो, अंधारात ठेवलं की मात्र चिडतात. क्लार्क, शिपाई, सेक्रेटरी, सगळ्यांनी तुमचाच मेसेज वाचून दाखवायचा. सेक्रेटरींशी हे पावसाळ्याआधीच बोलून घ्या, संस्थाचालकांना ऐनवेळी गप्प राहा म्हणणं कोणत्याच मुख्याध्यापकाला जमत नाही. गेटवर तुम्ही स्वतः उभ्या राहा, केबिनमध्ये नको.

2011 च्या स्कूल बस नियमांप्रमाणे शाळेच्या परिवहन समितीचं अध्यक्षपद मुख्याध्यापकाकडेच असतं, तेव्हा जूनमध्ये मीटिंग तुम्हीच लावा. पहिल्या पालकसभेत गेल्या वर्षी काय चुकलं ते तुमच्या तोंडून सांगा, कोणी विचारायची वाट बघू नका. आणि ड्रायव्हर, बसमधल्या ताई यांचे नंबर एक दिवस बसून सगळे लावून बघा, माझ्या यादीतले एकदा चार बंद निघाले होते.