मिडलवेअर लिहिताना आधी क्रम बघ

अरे, तू कंट्रोलरच्या (रिक्वेस्टला उत्तर तयार करणाऱ्या कोडच्या) प्रत्येक फंक्शनमध्ये लॉगिन चेक परत परत लिहितोयस ना, ते आधी काढ आणि मिडलवेअरमध्ये, म्हणजे रिक्वेस्ट कंट्रोलरपर्यंत पोचायच्या आधी मध्ये चालणाऱ्या कोडमध्ये, टाक, कारण उद्या नवीन राऊट (अॅपमधला नवीन पत्ता) लिहिताना एका ठिकाणी चेक राहिला की डेटा उघडा पडलाच म्हणून समज.

आता मुख्य गोष्ट म्हणजे क्रम. कांद्याच्या पाकळ्या डोळ्यासमोर आण, रिक्वेस्ट बाहेरून आत कंट्रोलरपर्यंत जाते आणि रिस्पॉन्स उलट्या क्रमाने बाहेर येतो, जँगो आणि लाराव्हेल या वेब फ्रेमवर्कमध्ये असंच चालतं. म्हणून सेशन (युजरची माहिती रिक्वेस्टमागून रिक्वेस्ट लक्षात ठेवणारा भाग) आधी, ऑथ (युजर कोण हे ओळखणारा भाग) नंतर, आणि परवानगीचा चेक त्याच्याही नंतर, कारण युजर कोण हेच माहीत नसेल तर परवानगी कोणाची तपासणार? लॉगिन नसेल तर रिस्पॉन्सचा स्टेटस कोड ४०१ आणि लॉगिन आहे पण हक्क नाही तर ४०३, यात गल्लत करू नकोस.

एक्सप्रेस या नोडच्या फ्रेमवर्कमध्ये नेक्स्ट (रिक्वेस्ट पुढच्या मिडलवेअरकडे सोडणारं फंक्शन) बोलवायचं विसरलास आणि रिस्पॉन्सही पाठवला नाहीस तर रिक्वेस्ट लटकून राहते, एररसुद्धा दिसत नाही, मी यात अख्खी रात्र घालवलीये. रिस्पॉन्स पाठवलास की लगेच रिटर्न कर. एरर हँडलरला चारही पॅरामीटर (एरर, रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, नेक्स्ट) हवेतच, एक वापरत नसलास तरी, आणि तो सगळ्या राऊट्सच्या शेवटी लाव. एक्सप्रेसच्या व्हर्जन ४ वर असशील तर असिंक (डेटाबेससारख्या कामाची वाट बघणाऱ्या) फंक्शनमधली एरर स्वतः पकडून नेक्स्टला द्यावी लागते, ५ मध्ये ते आपोआप होतं.

आणि हो, बिझनेस लॉजिक मिडलवेअरमध्ये नको रे, ऑर्डरचा हिशोब तिथे लपला तर पुढच्याला सापडणारच नाही.