जुन्या पुस्तकांचा कुबट वास घालवायचा, पण 'जुना' वास ठेवायचा. जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीनंतर लग्न आहे. होणाऱ्या बायकोला जुन्या पुस्तकांचा वास जीव की प्राण. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरी आजोबांची तीसेक पुस्तकं ट्रंकेत पडून आहेत, त्यातली चार-पाच तिला द्यायची आहेत. पण आता श्रावणात ट्रंक उघडली की कुबट भपकारा येतो आणि शिंका सुरू होतात. उन्हात घालू की अत्तर शिंपडू, असं विचारलंत.

दोन्ही नको. जमेल मात्र नक्की, कारण त्या पुस्तकांत वास एक नाही, दोन आहेत. तिला आवडतो तो कागदाचा आणि तुम्हाला शिंका आणतो तो ओलीचा. कागदाचा वास कागदातच तयार होत राहतो, तो सहजासहजी जात नाही. ओलीचा वास बाहेरून आलेला, म्हणून तो काढता येतो.

कागदाचा वास येतो कुठून? आजोबांच्या काळातला स्वस्त छपाईचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात लिग्निन असतं, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारं द्रव्य. हवा, उजेड आणि कागदातलं आम्ल यांनी ते आणि सेल्युलोज, म्हणजे कागदाचे तंतू, हळूहळू विघटित होतं आणि त्यातून बारीक बारीक वासाची द्रव्यं सुटतात. व्हॅनिलिन म्हणजे व्हॅनिलाचा गोडसर वास, बेंझाल्डिहाइड म्हणजे बदामाच्या इसेन्सचा, आणि फुरफुराल जरा भाजल्यासारखा. गुऱ्हाळात काहिलीवर रस आटताना जो खमंगपणा सुटतो, त्यात या फुरफुरालच्या कुळातली द्रव्यं असतात. म्हणजे हा गोड वास कागद झिजत असल्याचीच खूण. लंडनच्या संशोधकांनी २०१७ साली जुन्या पुस्तकाचा वास लोकांना हुंगायला देऊन वर्णन करायला सांगितलं, तर कितीतरी जणांनी चॉकलेट आणि कॉफी ही नावं घेतली. तिचं नाक काही जगावेगळं नाही.

कुबट वास बुरशीचा. गंमत अशी की मृगाच्या पहिल्या पावसात मातीचा जो वास आपण छाती भरून घेतो, त्यातलं जिओस्मिन नावाचं द्रव्य ओलसर जागेतल्या काही बुरशीही बनवतात. अंगणात आला तर सुगंध, ट्रंकेत आला तर कुबट.

आता कामाचं. बंद जागेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच ८० च्या वर असते. म्हणून पुस्तकं आजच ट्रंकेतून काढा, पण वास घालवायची घाई आत्ता करू नका. हवा ओली असताना खाण्याचा सोडा किंवा कोळसा असं काहीही ठेवलं तरी बुरशी मागून वास पुरवतच राहते. आधी कोरडं करायचं, वासाचं नंतर बघायचं. बहुतेकांचं इथंच चुकतं.

काढताना नाकाला एन-९५ मास्क लावा, साधा रुमाल पुरत नाही. घरात कुणाला दमा असेल तर त्याला त्या खोलीत येऊ देऊ नका. पुस्तकं टेबलावर उभी करा, पानं पंख्यासारखी जराशी उघडी. छताचा पंखा मंद, पाऊस असेल तेव्हा खिडक्या बंद. एसी असेल तर ड्राय मोडवर दिवसाचे सहा-सात तास. ऑनलाइन काही शे रुपयांत छोटा आर्द्रतामापक मिळतो, तो शेजारी ठेवा आणि आकडा ५५ च्या आसपास आणायचा प्रयत्न करा. ऊन नको, कारण त्यानं लिग्निन झपाट्यानं पिवळं पडतं, पुठ्ठा वाकतो आणि पाठीचा सरस तडकतो. आजी गाद्या उन्हात घालायची ते बरोबरच होतं, पण पुस्तक म्हणजे गादी नव्हे.

चार-पाच दिवसांनी बुरशीचा डाग मऊ ब्रशच्या टोकानं हलकेच हलवून बघा. फरफटून चिकट पट्टा उमटला तर ती अजून जिवंत आहे, आणखी वाळू द्या. भुकटी होऊन उडाली तर झोपली आहे. मग गॅलरीत जाऊन, वाऱ्याला पाठ करून, पानापानावरून मऊ ब्रश शिवणीकडून कडेकडे फिरवा. ओलं फडकं पानाला लावायचं नाही. पुठ्ठा कापडी असेल तर फक्त कोरडा ब्रश.

याच वेळी कसर आहे का ते बघा. चंदेरी, सुळकन पळणारा किडा. त्याला शाईशी देणंघेणं नसतं, तो बांधणीतल्या खळीवर येतो. म्हणून तर बाइंडर लोक खळीत मोरचूद घालायचे. कसर दिसली तर पुस्तक पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवा. साध्या फ्रिजच्या बर्फाच्या खणात तेवढी थंडी टिकेलच असं नाही. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं आणि केलेलं सगळं पाण्यात. बुरशी मात्र गोठवून मरत नाही, नुसती थांबते.

परतीचा पाऊस ओसरला की खरं काम. मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचाच असणार, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हाळ्यापासून तुमच्या हातात तीन-चार आठवडे आहेत. झाकणाचा ४०-५० लिटरचा प्लास्टिकचा टब घ्या. तळाशी वाडग्यात २५० ग्रॅम सक्रिय कोळसा, मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो तो. चुलीचा कोळसा फारसा उपयोगाचा नाही. कोळसा मिळालाच नाही तर खाण्याचा सोडा तेवढाच. वर जाळी किंवा उलटी टोपली, तिच्यावर पुस्तकं उभी आणि पानं सुटी. सोडा कागदाला लागू देऊ नका. तो शिवणीत बसला की निघत नाही आणि कागदाला घासतो. झाकण लावून १२ ते १५ दिवस. दर तीन दिवसांनी पानं वेगळ्या ठिकाणी उघडून ठेवा, नाहीतर मधली पानं तशीच राहतात. वापरलेला सोडा टाकून द्या, भज्यात घालू नका.

वास गेला का, हे लगेच कळत नाही. नाक पाच-दहा मिनिटांत सरावतं, मग कुबटही वाटत नाही आणि गोडही. पुस्तक रिकाम्या स्टीलच्या डब्यात तासभर बंद ठेवा, बाहेर चक्कर मारून या आणि झाकण उघडून पहिला श्वास घ्या. तोच खरा. फक्त डबा कांदा-लसूण चटणीचा नको. तो सात वेळा घासला तरी आपली जात सोडत नाही.

डांबरगोळ्यांचा नाद नको. कागद तो वास धरून ठेवतो, गोडवा कायमचा जातो, आणि त्या गोळ्या माणसालाही अपायकारक. अत्तरानं तेलाचे डाग पडतात. वेखंडाची पुरचुंडी कपाटात चालते, पण निवडलेल्या चार-पाच पुस्तकांपाशी नको, तिचा स्वतःचा वास उग्र.

ती चार-पाच निवडताना पिवळट, खरबरीत कागदाची घ्या. गुळगुळीत आर्ट पेपरच्या सचित्र पुस्तकांना हा वास जवळजवळ नसतोच. वास हुंगायचा तो मधल्या पानांच्या खाचेत, वरच्या कडेला धूळच जास्त असते. देताना चकचकीत प्लास्टिक लावू नका, त्यात ओल कोंडते. पोथ्या बांधायचे तसं धुतलेल्या सुती कापडाचं बासन करा, खळ न काढलेल्या नव्या कापडाचं नको.

उरलेल्या पुस्तकांसाठी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, पश्चिमेची भिंत तर टाळाच, आपल्याकडे पावसाचा मारा बहुधा तिकडूनच. पुस्तकं ठासून भरू नका. घर पुराच्या पट्ट्यात येत असेल तर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी झाली की खालच्या फळ्या रिकाम्या करा, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघत बसू नका. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. आणि ट्रंकेत आता वाकळा ठेवा, पुस्तकं नकोत.